महाराजांच्या डोक्यावरची तार

महाराजांच्या पगडीवर कावळा शिटला.

साधीसुधी पगडी नव्हती ती. मोत्यांचा तुरा लावलेली, मुद्दाम मिरवायला काढलेली. चंद्रसेन महाराज उघड्या बग्गीतून राजधानीतून चालले होते. वर ट्रॉलीबसची तार होती, तारेवर कावळा होता. एवढ्यात समोरून भिवा ड्रायव्हरची ट्रॉलीबस आली. वळणावर तिच्या टपावरची दांडी तारेवरून निसटली, तार थरथरली, कावळा दचकला, आणि दचकलेला कावळा जे करतो ते त्याने केलं.

रस्त्यावरच्या लोकांनी ताबडतोब माना फिरवल्या. हसू लपवायला दुसरी सोय नव्हती.

भिवाची रवानगी कोठडीत झाली आणि दरबार भरला.

"देव आणि छत्र सोडून माझ्या डोक्यावर काही असता कामा नये," महाराज कडाडले. "आणि इथे कोणी तारांचं जाळं पसरून ठेवलंय?"

जाळं महाराजांनीच पसरलं होतं. प्रत्येक नव्या मार्गाला स्वतः नारळ फोडून. पण दरबारात बसणाऱ्यांची स्मरणशक्ती बेताचीच असते.

"तारा काढून टाकू, महाराज," दिवाणजी म्हणाले.

"आणि दसऱ्याला शेजारचे राजे येतील त्यांना काय दाखवू? तुम्हाला? त्यांच्याकडे अजून टांगे आहेत. ट्रॉलीबस चाललीच पाहिजे."

"मग दसऱ्याला महाराजांनी राजवाड्यातच थांबावं."

"दर दसऱ्याला मी गल्लोगल्ली फिरतो, आपट्याचं सोनं घेतो. एका गल्लीचं सोनं राहिलं तरी दसरा झाला नाही, असा आमचा कुळाचार आहे. तो मोडू?"

मुख्य इंजिनिअर इतका वेळ टाळू खाजवत होते. ते म्हणाले, "तारा जमिनीखालून नेता येतील."

"मग गाडी चाकं वर करून चालवणार का?"

इंजिनिअर पुन्हा टाळूकडे वळले.

शेवटी महाराजांनी हुकूम सोडला. दसऱ्याला तार महाराजांच्या डोक्याच्या खाली पाहिजे, ट्रॉलीबस चालू पाहिजे आणि प्रत्येक गल्लीचं सोनं महाराजांच्या हातात पडलं पाहिजे. न जमल्यास तारा उतरवाव्यात आणि गाडी ओढायला भिवाला जुंपावं. जन्मभर.

हुकूम भिवाच्या घरी पोचला तेव्हा त्याची बायको सगुणा तांदूळ निवडत होती. लग्न वैशाखातलं, आता श्रावण चालू होता. डाळीचा डबा कुठे आणि तिखटाचा कुठे, हे आत्ता कुठे तिला कळू लागलं होतं.

"पायगुण!" सासूबाईंनी कपाळाला हात लावला. "दुसरं काय म्हणायचं?"

"पाय तर घरातच होते, आत्याबाई," सगुणा हळूच म्हणाली. "शिटला तो कावळा."

तिने सूप खाली ठेवलं, पदर नीट केला आणि राजवाड्याची वाट धरली.

"कोण तू?" महाराजांनी विचारलं.

"भिवा ड्रायव्हरची बायको. नवीन आहे, महाराज."

"नवीन म्हणजे किती नवीन?"

"अजून आमचं एकदासुद्धा नीट भांडण झालेलं नाही."

दिवाणजी खोकले. महाराजांनी मिशीवरून हात फिरवला. "माझं काम करशील, तर नवरा घेऊन जा. तार खाली आणतेस?"

"तार खाली आली तर गाडी अडेल. डोकं मात्र वर नेता येतं."

"कोणाचं डोकं?"

"महाराजांचं. डोक्याखालच्या महाराजांसकट."

तिने राजवाड्याच्या महाद्वाराकडे बोट दाखवलं. द्वारावर उंच नगारखाना होता आणि त्याच्या समोरूनच ट्रॉलीबसची तार जात होती. महाराज जिना चढले. मागून दिवाणजी, त्यांच्यामागून इंजिनिअर, सगळे धापा टाकत. वर पोचल्यावर महाराजांनी कठड्यावरून वाकून पाहिलं. तार त्यांच्या जोड्यांच्याही पुष्कळ खाली होती. तिच्यावर एक कावळा बसला होता आणि मान वर करून महाराजांकडे बघत होता.

महाराजांना ते फार आवडलं.

"पण सोन्याचं काय? इथून खाली टोपली सोडू?"

"आजवर महाराज गल्लीत जात होते. यंदा गल्ली महाराजांकडे येईल, ट्रॉलीबसमध्ये बसून. महाद्वाराशी उतरायचं, जिना चढायचा, सोनं द्यायचं, पुढच्या गाडीने परत. पाहुण्या राजांनाही गाड्या खच्चून भरलेल्या दिसतील."

महाराजांनी दिवाणजींकडे पाहिलं. दिवाणजींनी घाईघाईने मान डोलावली.

"एक अडचण आहे, महाराज," इंजिनिअर म्हणाले. "नदीपलीकडच्या बुरूड आळीला ट्रॉलीबसच नाही. तिथली म्हातारीकोतारी एवढं चालून येणार कशी? दरवर्षी ते लोक तार मागतात आणि दरवर्षी आपण पुढच्या वर्षी म्हणतो."

"मग त्या आळीचं सोनं राहणार," सगुणा म्हणाली. "म्हणजे दसरा झालाच नाही. मी आपली कुळाचाराचं म्हणते."

महाराजांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "पुलावरून तार न्या. दसऱ्याच्या आत."

इंजिनिअर हिशेब करत जिना उतरू लागले. महाराज मात्र सगुणाकडे बघत राहिले.

"पोरी, तुझं माहेर कुठलं?"

सगुणाने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "बुरूड आळी, महाराज."



"म्हणजे तू आलीस नवऱ्याला सोडवायला, की माहेरी ट्रॉलीबस न्यायला?"

"नवऱ्यालाच, महाराज. पण तो घरी आला की आमचं भांडण व्हायचंच. मग रुसून माहेरी जायला गाडी नको?"

महाराज इतक्या मोठ्याने हसले की खालच्या तारेवरचा कावळा उडून गेला. हसता हसता त्यांची पगडी तिरकी झाली, ती दिवाणजींनी सरळ केली आणि ती पुन्हा तिरकी झाली.

"भिवाला सोडा," डोळे पुसत ते म्हणाले. "पुलावरून पहिली गाडी त्यानेच न्यावी. आणि या पोरीला माहेरी जायचा जन्मभराचा पास द्या, दरबाराकडून."

"आणि येण्याचा, महाराज?" दिवाणजींनी विचारलं.

"येण्याचं तिकीट भिवा काढेल. रुसवा काढायला जाईल ना, तेव्हा!"