बहिऱ्याची नगारपट्टी

एका नदीकाठच्या गावात एक तेली राहायचा. हाताचा कसबी, मनाचा सरळ, पण कानांनी ठार बहिरा. लहानपणी देवी आल्या आणि जाताना त्याचे कान घेऊन गेल्या. लोक हातवारे करत, तो ओठांकडे बघे, आणि त्याचं नीट चालायचं.

त्या गावची नदी मोठी लबाड. गावात लख्ख ऊन असायचं, पण वर डोंगरात पाऊस झाला की घटकाभरात लोंढा खाली यायचा. म्हणून गावाने टेकाडावर एक नगारा ठेवला होता आणि एक नगारची. त्याने दिवसभर नदीवर डोळा ठेवायचा, पाणी गढूळलं की नगारा बडवायचा. त्याच्या पोटासाठी दर सुगीला प्रत्येक घर दोन पायल्या ज्वारी द्यायचं. तिला म्हणत नगारपट्टी.

एका सुगीला पाटील पट्टी गोळा करत तेल्याच्या दारी आले. तेल्याने घाणा थांबवला.

"पाटील, एक विचारू? रागावू नका. नगारा फुटेपर्यंत बडवला तरी मला त्याचा आवाज येत नाही. मग त्याची पट्टी मी कशाला भरू?"

आता खरं सांगा, त्याचं काय चुकलं होतं? पाटलांनाही ते पटलं. भला माणूस तो.

"बरोबर आहे बाबा तुझं," ते म्हणाले. "तुला माफ."

पण माफीचं असं आहे, एकाला मिळाली की दहाजणांना हवीशी वाटते. दुसऱ्याच दिवशी सोनार आला. "माझं घर उंचावर. पाणी माझ्या उंबऱ्याला लागायचं नाही." मग बैलांचा दलाल आला. "मी महिन्यातले वीस दिवस गावाबाहेर." एकाला हो म्हटल्यावर दुसऱ्याला नाही कसं म्हणणार? निम्मी पट्टी बुडाली. नगारची बिचारा कुरकुरला नाही. थोडे दिवस त्याने अर्धपोटी काढले, आणि मग दिवसाआड डोंगरापलीकडच्या गावात लाकडं फोडायला जाऊ लागला.

असाच एक दिवस तो खांद्यावर कुऱ्हाड टाकून निघाला होता. खिंडीत पोचला आणि सहज मागे वळून बघतो, तर वरच्या वळणावर नदी तांबडी झालेली आणि अख्खं झाड वाहत येतंय. कुऱ्हाड तिथेच टाकून तो धावत सुटला. टेकाडावर येऊन त्याने नगारा बडवला खरा, पण उशीर झाला होता. एरवी धान्य, भांडीकुंडी सगळं वर न्यायला वेळ मिळे. त्या दिवशी माणसं अंगावरच्या कपड्यांनिशी पळाली. सोनाराचं घर उंचावर होतं, पण त्याची बायको नदीवर धुणं धूत होती. नगारा ऐकून तीही पिळे टाकून पळाली.

तेली मात्र घाण्यापाशी मजेत होता. डोळ्यांवर झापडं बांधलेला बैल गोल फिरत होता आणि त्याच्यामागे आपला तेली. तेवढ्यात शेजारची कुंभारीण आत घुसली आणि त्याचं मनगट धरून ओढू लागली.

"अहो वहिनी, वेड लागलं का तुम्हाला? सोडा!"

ती बोलत होती, पण इतक्या घाईने की त्याला ओठ वाचता येईनात. तिने बैल सोडला, तेल्याला बाहेर लोटलं आणि नदीकडे बोट केलं. गल्लीच्या तोंडाशी पाणी आलं होतं. दोघं आणि बैल गुडघाभर पाण्यातून कसेबसे टेकाडावर पोचले.

वर बसल्यावर तेल्याच्या जिवात जीव आला. खाली त्याचा घाणा बुडाला होता. शेजारी कुंभारणीच्या अंगणात महिनाभराची कच्ची मडकी मांडलेली होती, त्यांचा चिखल झाला होता. मडकी उचलायची सोडून ही बाई आपल्या दारी आली, हे त्याच्या ध्यानात आलं आणि त्याचे डोळे भरून आले.

"वहिनी, तुम्हाला कसं कळलं हो?"

तिने नगाऱ्याकडे बोट दाखवलं. लांब शेतात गेलेल्यांसाठी नगारची अजून बडवतच होता. पट्टी भरणारे कोण आणि बुडवणारे कोण, हे काही त्याने बघितलं नव्हतं. तेली उठला, जवळ गेला आणि नगाऱ्याच्या कडेला त्याने तळहात टेकवला. हात खांद्यापर्यंत थरथरला. इतकी वर्षं त्या गावात राहून नगारा त्याला आज पहिल्यांदा कळला.

पुढच्या सुगीला तेली स्वतःच ज्वारी घेऊन पाटलांकडे गेला. या वर्षीच्या दोन पायल्या आणि मागच्या दोन. पाटलांनी हातवारे करून सांगितलं, "अरे, तुला माफ आहे ना!"

"पाटील, मला नगारा ऐकू येणार नाहीच," तेली म्हणाला. "पण मला ओढून काढायला जी धावत येते, तिला तो ऐकू यायला हवा ना?"

ओट्यावर सोनारही बसला होता. तो उठला, घरी गेला आणि आपली ज्वारी घेऊन आला.

तात्पर्य: पट्टी भरताना आपल्या कानावर काय पडतं एवढंच बघू नये, आपल्यासाठी धावणाऱ्या माणसाला वेळेवर हाक कोण देतं, तेही बघावं.