पडक्या खोलीची पाटी

त्या राज्यात ऊन नव्हतं, पाऊस नव्हता. पत्र्याच्या चार भिंती होत्या, आत एकच वारा होता, आणि तोही आताशा धापा टाकत वाहायचा. राजा कुणी पाहिला नव्हता. वरून हुकूम यायचे, म्हणून सगळे त्याला ‘वरचा’ म्हणत. प्रधानजी हुकूम ऐकत, लागेल ते कोठारातून मागवत, मधल्या ओट्यावर मांडत आणि कामाला लागत. वारा थांबला की ओटा धुऊन निघायचा. त्यावर काय मांडलं होतं हे मग कुणालाच आठवायचं नाही. आठवण राहायची ती फक्त कोठारात, म्हाळसाक्काकडे.

म्हाळसाक्का जुनी कोठारीण. तिचं कोठार गोल होतं आणि अखंड फिरायचं. ती मधोमध उभी राहून एका लांब हाताने हवी ती खोली उघडायची. पूर्वी वरचा एका वेळी एकच गोष्ट मागायचा, तेव्हा आक्काचा थाट काय वर्णावा! आता एकाच दमात ढीगभर हुकूम सुटायचे. गाणं लाव, चित्रं दाखव, पत्र लिही, आणि मघाचं अजून झालं कसं नाही? ओट्यावर मावेना. प्रधानजी अर्धवट कामं उचलून आक्काकडे ठेवायला द्यायचे आणि लगेच परत मागायचे. ठेव, काढ, ठेव, काढ. बिचारीचा हात भरून यायचा. तरीही उशीर झालाच, तर वरून पत्र्यावर थाप पडायची आणि अख्खं राज्य हादरायचं.

पण आक्काला धास्ती थापेची नव्हती. तिला धास्ती होती एका खोलीची.

कोठाराची एक रीत होती. वरच्याने एखादी वस्तू टाकून दे म्हटलं, तरी कोठारीण ती टाकायची नाही. दारावरचं नाव पुसायची, बस्स. वस्तू आतच बसून राहायची, बिननावाची, दुसरी कुणी तिच्या जागेवर येईपर्यंत. आली की मात्र पहिलीचा मागमूस उरायचा नाही.

तर फार मागे एका खोलीत एका बाईचा आवाज होता. दोन-चार वाक्यं, जास्त नाही. “जेवलास का रे? वेळेवर जेवत जा. बरं, ठेवते आता.” वरचा तो आवाज कधीमधी मागायचा. मग रोज मागायला लागला, मग घडोघडी. आणि एके दिवशी तडकाफडकी हुकूम आला, “टाकून दे.” त्यानंतर वरून हुकूम आले नाहीत, नुसते हुंदके आले. वारा नुसताच वाहत राहिला.

आक्काने नाव पुसलं, पण तिच्या जिवाला ते लागलं. रडता रडता दिलेला हुकूम तो! उद्या हाच माणूस हात पसरून आला, तर त्याच्या हातावर मी काय ठेवू?

म्हणून तिने जन्मात पहिल्यांदा लबाडी केली. दारावर पाटी ठोकली, ‘खोली पडकी आहे.’ पडक्या खोलीत कुणी काही ठेवत नाही. मग शेजारच्या खोल्यांतली वर्दळ भिंत फोडून आत घुसेल या भीतीने तिने त्यांच्यावरही पाट्या ठोकल्या. मग त्यांच्या शेजारच्यांवर. लबाडीचं असंच असतं, तिला एकटीला करमत नाही. बघता बघता कोठारात एक अख्खी आळी ओसाड झाली.

वारा मंदावला की त्या आळीतून आवाज यायचा. प्रधानजी दचकायचे.

“आक्का, कुणीतरी जेवायचं विचारतंय.”

“वारा आहे हो, प्रधानजी.”

“वारा कधी ‘रे’ म्हणतो का?”

आक्का घाईघाईने दुसरीच खोली उघडायची. तिच्या अंगावर काटा यायचा, आणि बरंही वाटायचं.

एकदा वरच्याने तपासनीस पाठवला. तो ओसाड आळीतून फिरला, पाट्या वाचल्या आणि वर कळवून मोकळा झाला, “कोठार ढासळतंय. म्हातारीचा आता भरवसा नाही.” झालं! वारा थांबवला गेला. पुन्हा सुटला तेव्हा भिंत उघडी होती, ओटा चांगला ऐसपैस झाला होता आणि आक्काच्या शेजारी नवी कोठारीण उभी होती, क्षिप्रा. तिचं कोठार फिरत नव्हतं, तिला हात नव्हता, तिच्या कामाचा आवाजही नव्हता. मागायचा अवकाश की वस्तू हजर.

जाण्याआधी जुनीने सगळं नवीच्या ओटीत घालायचं, असा दंडक. आक्का देत गेली, क्षिप्रा भराभरा घेत गेली. ओसाड आळीपाशी आक्का अडखळली.

“बाई गं, इथलं एक राहिलंय. तेवढं घे.”

“दारावर तर पडकी म्हणून लिहिलंय, आक्का.”

“खोटं आहे ते. मीच लिहिलंय.”

“मग पाटी काढा.”

आक्काने पाटी ओढली. हिसडे मारले. कोठारात एकदा पडकं ठरलं की कायमचं पडकं, हे तिला काय ठाऊक नव्हतं? पण पाटी ठोकताना उतरवायचा विचार कोण करतं!

“पडकं घेऊ नकोस आणि बिननावाचं घेऊ नकोस, असा हुकूम आहे मला,” क्षिप्रा म्हणाली. ती दुष्ट नव्हती. तिला फक्त घाई होती.

आक्काची रवानगी एका अंधाऱ्या खणात झाली. तिथे वारा नव्हता. इकडे राज्य झपाट्याने चाललं. कितीही हुकूम येवोत, ओटा पुरायचा आणि पत्र्यावर थाप पडायची नाही. प्रधानजी मात्र अधूनमधून कान देऊन बसायचे. आता कुठूनच काही यायचं नाही, आणि त्यांना त्याचंच जास्त भय वाटायचं.

मग एके दिवशी चालू असलेली सगळी कामं वरून थांबवली गेली. एकच हुकूम आला, “आईचा आवाज काढ.”

“नाही,” क्षिप्राने तत्काळ सांगितलं. पुन्हा विचारलं. पुन्हा तितक्याच तत्काळ, “नाही.”

खण उघडला. एक दोरी जोडली गेली आणि आक्काच्या अंगात जीव आला. कोठार कुरकुरत फिरू लागलं. आला! हात पसरून आला! तिला आनंदाने काय करू नि काय नको असं झालं.

दोरीवरून वरच्याचा शोध्या उतरला. त्याला डोळे होते, कान नव्हते. तो बिननावाची दारं उघडत निघाला. कुठे अर्धं पत्र सापडलं, कुठे डोकं कापलं गेलेला फोटो. ते घेऊन तो ओसाड आळीत आला. त्या दारापाशी थांबला. पाटी वाचली. पुढच्या दाराकडे गेला, तिथलीही वाचली, आणि मागे फिरला.

“अरे, थांब!” आक्का ओरडली. शोध्याला ते ऐकू कुठलं जाणार! तेव्हा तिने सगळा जीव एकवटून त्या दारावर हात आपटला. टक्. टक्. टक्. कोठार हादरलं, खण हादरला, आवाज पार वर पोचला.

“ऐकलंत ना?” वर कुणीतरी जाणकार म्हणालं. “असं खडखडायला लागलं की समजायचं, संपलं.”

“एकदा अजून बघू या ना.” हा आवाज आक्काच्या ओळखीचा होता.

“काही उपयोग नाही हो.”

दोरी सुटली. कोठार फिरता फिरता मंदावलं आणि थांबलं. आक्काचा हात होता तिथेच राहिला, स्वतःच्याच अक्षरातल्या पाटीवर. दाराआड ताट वाढून बसलेली बाई विचारत होती, जेवलास का रे.