लेखी हकालपट्टी

खडीच्या खाणीवर दगड फोडणारी यल्लव्वा सात वर्षांच्या रेणुकाला घेऊन शाळेत गेली. हेडमास्तर बिराजदार म्हणजे कागदाशिवाय पानही हलू न देणारे गृहस्थ.

"जन्माचा दाखला?"

"खाणीवरच झाली, साहेब. तिथं कोण देतंय दाखला?"

"मग ही जन्मली याला पुरावा काय?"

पुरावा समोर उभा राहून नाक पुसत होता, पण तो साहेबांना चालेना.

यल्लव्वानं पोरीला सरळ पहिलीच्या वर्गात नेऊन बसवलं. हेडमास्तर धावत आले. "उचल तिला!"

"तोंडी नको, साहेब. लेखी द्या, लगेच जाते."

लेखी म्हणताच साहेब खुलले. सगळी माहिती विचारून त्यांनी लिहिलं, 'कु. रेणुका हणमंत धोत्रे, वय वर्षे सात, हिला शाळेबाहेर काढण्यात येत आहे.' खाली झोकदार सही आणि गोल शिक्का.

यल्लव्वानं तो कागद शिपायाकडून दोनदा वाचून घेतला आणि मग साहेबांपुढे धरला.

"घ्या पुरावा. नाव, बाप, वय, समदं तुमच्याच सहीनं. न्हाईतर वरच्या साहेबाला इचारते, जी जन्मलीच न्हाई, ती हाकलली कशी?"

स्वतःच्या सहीला खोटं म्हणणं साहेबांच्या तत्त्वात बसत नव्हतं. त्यांनी रेणुकाचं नाव पटावर घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी खाणीवरच्या अकरा बाया पोरं घेऊन शाळेच्या दारात हजर झाल्या.

"साहेब, आमच्याबी पोरांना हाकला की!"