सात कळशांची देवी आणि अग्निनळी

एका राज्यात, नदीच्या अलीकडच्या तीरावर, अग्निनळी घडवणारा एकही लोहार नव्हता. तरीही तिथली माणसे अग्निनळीनेच मरत. आणि ते मरणही साधे नव्हे. नळीतून जाळ निघाला, माणूस पडला, की त्याच क्षणी त्याचे नाव घरच्यांच्या जिभेवरून पुसले जाई. आईला मुलाची चाल आठवे, त्याची भूक आठवे. हाक मारायला जावे तर तोंडात शब्दच नसे.

हिराई त्या नदीवर होडी चालवी. तिचा बावीस वर्षांचा लेक बाजारात दोर आणायला गेला, दोन टोळ्यांच्या भांडणात सापडला आणि तिथेच पडला. तेराव्याला पुरोहितांनी विचारले, "कोणाच्या नावे पाणी सोडू?" हिराईने लेकाची चाल सांगितली, भूक सांगितली. नाव येईना. असे दुःख वैऱ्यालाही येऊ नये.

तेव्हा काठावरची टिटवी बोलली. "हिराई, रडून काय होणार? नाव नळीत अडकले आहे. घडवणारा स्वतःच्या तोंडाने 'ही मी घडवली' म्हणेल, तेव्हाच सुटेल."

"मग म्हणवून घेते," हिराई म्हणाली.

"अगं, ते काय भाजी निवडणे आहे?" टिटवी म्हणाली, पण होडीच्या टोकावर येऊन बसली.

पलीकडच्या तीरावर लोखंडाचे नगर होते. तिथल्या झाडांना लोखंडाची पाने होती, वारा आला की ती झणझणत. नगराच्या मधोमध धातुसेन लोहाराची भट्टी होती आणि तिच्यात एक हजार हातोडे कोणी न धरता आपोआप पडत. हिराईने मान वर करून पाहिले. एवढे मोठे काहीतरी केवळ माणसे मारण्यासाठी जागे असेल, असे तिला कधी वाटले नव्हते.

त्या नगराच्या राजाने तिचे ऐकून घेतले. "बाई, घडवणाऱ्याची जबाबदारी नदीच्या काठाशी संपते. असा आमचा कायदा आहे."

"कोणी केला, महाराज?"

"धातुसेनाच्या आजोबांनी लिहून आणला, माझ्या आजोबांनी शिक्का मारला." राजा जरा ओशाळला. "तरी तीन गोष्टी आणशील तर त्याला विचारता येईल. मारणारी नळी आण. ती त्याचीच हे दाखव. आणि ती कुठे जाणार हे त्याला ठाऊक होते, हेही दाखव."

नळी मारेकऱ्यांनी डोहात टाकली होती. हिराई डोहावर गेली. वीस वर्षे ती वल्हे मारण्याआधी नदीची परवानगी घेत आली होती. आजही तिने घेतली. नदी म्हणाली, "तुझे प्रतिबिंब मला दे." हिराईने दिले. पाणी पडद्यासारखे दोन्हीकडे सरले. तळाशी हजारो नळ्या पडल्या होत्या, त्यांतली एकच अजून कोमट होती. तिने ती उचलली. दांड्याला दोरीचा तुकडा होता, आणि त्यावर तिच्याच हातची गाठ होती.

तिला आठवले. उसाच्या मोळ्या म्हणून कोणी माल देई, ती बांधून पार नेई. मोळ्या फार जड असत. तिने कधी सोडून पाहिल्या नव्हत्या. तिने गाठ सोडली नाही. तशीच दरबारात नेली.

धातुसेन हसला. "हिच्यावर माझी खूण नाही." खरेच, जिथे खूण असते तिथे कानशीने घासलेले होते.

टिटवी हिराईच्या कानाशी म्हणाली, "या नगरीत तापलेले पोलाद पाण्यात बुडवताना लोहार आपल्या कुळाचा सूर गुणगुणतो. पोलाद तो पिऊन घेते. कानस तिथवर पोचत नाही."

हिराईने नळी निखाऱ्यांत लालबुंद केली आणि पाण्यात बुडवली. वाफ उठली आणि नळी गाऊ लागली. भट्टीतले हजार हातोडे हवेत थांबले. सारा दरबार ऐकत राहिला, आणि धातुसेनाचा उजवा पाय नकळत ठेका धरू लागला.

"पाय आवर," राजा त्याला म्हणाला.

"असेल माझी," धातुसेन म्हणाला. "मी हजारो घडवतो. कोण कुठे नेतो, मला काय ठाऊक?"

हिराईने पदराने नळीची काजळी पुसली. खाली चांदीचे नाजूक कोरीव काम होते: मगरीवर बसलेली, डोक्यावर सात कळशा घेतलेली देवी.

"महाराज, ही तुमची देवता का?"

"नाही. आमच्याकडे हिला कोणी ओळखतही नाही."

"ही आमची नदीआई. फक्त आमच्या काठावर पुजतात. आमच्या पोरांनी हौसेने घ्यावी म्हणून कोरली. स्वतःची खूण घासली, पण एवढी सुरेख देवी घासायला याचा हात धजला नाही."

धातुसेन एकाएकी ओरडला, "आणि पार कोणी नेली? ती गाठ कोणाची?"

"माझी," हिराई म्हणाली. "मोळी जड होती, मी विचारले नाही. माझ्या लेकाच्या मरणातला माझा वाटा मी उचलला. आता तुझा तू उचल."

धातुसेनाने राजाकडे पाहिले. राजाने नजर हटवली नाही. मग धातुसेन नळीकडे पाहत, अगदी हळू, म्हणाला, "ही मी घडवली."

त्याच क्षणी नळी मेणासारखी वितळली. डोहाच्या तळातून, माळ्यांवरून, कमरांच्या पट्ट्यांतून हजारो नळ्या उठल्या आणि पक्ष्यांच्या थव्यासारख्या भट्टीकडे परतल्या. प्रत्येक नळीतून एक नाव निघाले. ती नावे शेवटपर्यंत उभे राहून ऐकण्याची शिक्षा राजाने धातुसेनाला दिली, आणि कायद्यावरचा आजोबांचा शिक्का स्वतःच्या हाताने फोडला. नावे संपायला नऊ दिवस लागले.

हिराई नदीच्या मध्यावर होती, तेव्हा तिच्या लेकाचे नाव आले. वल्हे तिच्या हातून सुटले.

"मुरार!" तिने हाक मारली. "अरे मुरार, जेवायला चल!"

उत्तर येणार नव्हते, हे तिला ठाऊक होते. तरी काठ येईपर्यंत ती हाक मारत राहिली. काठावर पुरोहित ओंजळीत पाणी घेऊन उभे होते. त्यांनी विचारले, आणि या वेळी तिने सांगितले.

तेव्हापासून हिराईच्या होडीत मोळी चढते ती सोडून दाखवल्यावरच. ही हाकेची कथा, ज्याच्या घरी हाकेला ओ येते त्याने ती जपावी.