मावशीच्या अंगणातली धूळ

ज्या घराने येशूचं शुभवर्तमान नाकारलं, त्याच्या दारात पायांची धूळ झटकायची आणि पुन्हा तिथे जायचं नाही. या नियमावर प्रश्न विचारायचा नाही, असं सलोमीला चर्चमध्ये बजावलेलं होतं. पण आईमागे तिला वाढवणाऱ्या राहीमावशीनेच नकार दिला होता. दोन वर्षं मावशीच्या हाकेसाठी सलोमीचा जीव तुटत होता. मावशी अंथरुणाला खिळल्याचं कळताच ती निघाली.

पाळकसाहेबांनी अडवलं. "अगं, आपण धूळ झटकली ना तिथं?"

"साहेब, तुम्ही जीपमधूनच विचारलंत, जीपमधूनच परतलात. तुम्हाला धूळ लागलीच कुठे? मी त्या अंगणात अकरा वर्षं अनवाणी खेळले. मी झटकू तरी किती? नाही झटकणार. जाणार!"

चर्चची वडीलमंडळी आपापल्या चकचकीत बुटांकडे बघू लागली.