खारीच्या लेकीला पाच नाकं

प्राणी एकमेकांचे फोटो काढून ढोलीत लावत असत, त्या काळची ही गोष्ट. झुपकी खारीची लेक दुसऱ्या दिवशी नदीपलीकडे सासरी निघणार होती. तिचा एक फोटो तरी घरात हवा, म्हणून झुपकीने साळिंदरदादांच्या दुकानातून नवशिक्याला जमेल असा छोटा कॅमेरा आणला. फोटो आला तो धूसर, त्यात लेकीला तीन नाकं!

झुपकी तरातरा दुकानात गेली. "दादा, हा कॅमेरा आंधळा आहे. तो लांब नळीचा द्या."

दादांनी तो दिला. त्यातून लेकीला पाच नाकं आली.

"आता तुम्हीच काढून दाखवा!" झुपकी पुन्हा दुकानात येऊन कडाडली.

"तूच काढ. फक्त बटण दाबताना जरा मागे बघ."

झुपकीने बटण दाबलं आणि मागे पाहिलं. तिची शेपूट फडाफडा उडत होती, आणि शेपटीबरोबर ती स्वतःही.

तिने छोटा कॅमेरा परत घेतला. घरी येऊन तिने बुंध्याला पाठ टेकवली, कोपरं पोटाशी घेतली, शेपटीवर ठाण मांडलं आणि श्वास रोखून बटण दाबलं. लेकीला एकच नाक आलं, आणि मिशीला चिकटलेला शेंगदाण्याचा कणसुद्धा दिसला.

फोटो पाहून वरच्या फांदीला लोंबकळणारं माकड म्हणालं, "झुपकीताई, कोणता गं कॅमेरा? माझे सगळे फोटो हलतात."

"कुठलाही घे," झुपकी म्हणाली. "पण आधी खाली उतर."