तिसऱ्या हातावरचा शिंपला

लोक समुद्राला अजून शेत म्हणत, त्या फार जुन्या काळची ही गोष्ट.

एका किनाऱ्यावर कोळ्यांचं एक गाव होतं. तिथला वारा वरचं ऊन पाणी दूर लोटी, आणि तळाचं गार पाणी वर येई. त्यात डोळ्यांना न दिसणारं इवलं हिरवं पीक धरे. ते खाऊन माशांची पिल्लं मोठी होत, आणि मोठ्या माशांवर गाव जगे.

पण दर काही वर्षांनी एकदा ऊन पाणी गोधडीसारखं पसरे. गार पाणी वर येईना, पीक धरेना. समुद्र नितळ दिसे, पण उपाशी असे. अशा वेळी उरलीसुरली पिल्लं जगावीत म्हणून जाळं टाकायचं नाही, साठवलेल्या सुक्या मासळीवर दिवस काढायचे, असा नियम होता.

पाणी बघायला एक म्हातारा नेमला होता. तो खडकावर एकटा राही. दोरीला बांधलेला पांढरा शिंपला तो रोज हात-हात मोजत पाण्यात सोडी. पाणी हिरवं गढूळ होऊन शिंपला तिसऱ्या हातावर दिसेनासा झाला की पीक आलं. मग होड्या सुटत. कोणाची भीड पडू नये म्हणून त्याने कोणाकडे जेवायचं नाही, अशीही रीत होती. येता-जाता लोक खडकापाशी थांबून दोन शब्द बोलत, तेवढीच त्याला सोबत.

एका वर्षी ऊन पाणी आलं ते हटेना. शिंपला दहाव्या हातावरही लख्ख दिसे.

"या वयात नजर बरी तेज झाली हो तात्या!" पोरं खालून ओरडत.

"समुद्र उपाशी आहे रे बाळांनो. थोडं थांबा."

"आणि आम्ही काय जेवून बसलोय?"

सुकी मासळी अजून महिनाभर पुरली असती. पण लोक चिडले. खडकापाशी कोणी थांबेना. आपला आवाज शाबूत आहे का, हे बघायला म्हातारा पाखरांशी बोलू लागला.

शेवटी एका सकाळी त्याने होडीला लावायचं काळं तेल शिंपल्याला चोळलं, तो तीन हात पाण्यात सोडला आणि मग पाटलांना हाक मारली. पाटलांनी वाकून पाहिलं, तर तिसऱ्या हातावरचा काळा शिंपला त्यांना दिसेना.

त्या दिवशी गावाने त्याला मिरवत नेलं. पाटलीणबाईंनी आग्रह केला, "घ्या ना तात्या, लाजताय काय!" ताटात बोटाच्या पेराएवढी पिल्लं होती. त्याने मान खाली घालून खाल्ली.

महिना भरायच्या आत वारा फिरला. गार पाणी वर आलं, समुद्र हिरवागार झाला. पण ते पीक खायला एकही पिल्लू उरलं नव्हतं. जाळी रिकामी येऊ लागली. गावाने बिऱ्हाडं होड्यांत भरली.

"पाटील, शिंपला मी काळा केला होता," म्हातारा म्हणाला.

पाटलांनी त्याला न घेताच होडीचा दोर सोडला.

म्हाताऱ्याने शिंपला घासून पांढरा केला. तो आता दुसऱ्याच हातावर दिसेनासा होई. "पीक आलंय हो!" तो रोज ओरडे, आणि रिकाम्या किनाऱ्यावरून त्याचीच हाक परत येई.

सोबत मिळावी म्हणून बोललेलं खोटं असलेली सोबतही घेऊन जातं.